आजोबा ‘तलवार’वर होते, पण ते जहाज सापडतच नाही: नौदलाचा जुना कागद वाचताना हमखास होणारा घोटाळा

आमच्या चुलत आजोबांना मी सहा वर्षं मारून ठेवलं होतं. घरातले सगळे सांगायचे की अण्णा 1971 च्या पावसाळ्यात गेले, ओटीवर, दुपारच्या चहानंतर. माझ्या हातात मात्र त्यांचा नौदलाचा कागद होता. त्यात 1943 च्या तारखेपुढे शाईने स्पष्ट ‘डी’ लिहिलेलं. डी म्हणजे डेड. मी वंशावळीत 1943 लिहून मोकळा झालो. आत्या भांडली, तिलाच वेड्यात काढलं. मग एकदा त्याच कागदाच्या मागच्या बाजूला 1945 ची बढतीची नोंद दिसली आणि माझा चेहरा पडला.

तेव्हापासून असे कागद वाचायचा नादच लागला. आता गणपतीत गावी गेलो की कोणी ना कोणी प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढतंच. “भाऊ, जरा बघा ना, आजोबा नेव्हीत होते.” घोटाळा जवळपास दर वेळी तोच असतो. कागद बरोबर असतो, आजोबाही बरोबर असतात. आपण शब्द वाचतो, पण तो कुठल्या रकान्यात आहे ते बघत नाही.

लक्षणं

खालच्यापैकी एखादं जरी जुळत असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

- कागदावर जहाजाचं नाव आहे, पण त्या काळात तसं जहाज कुठेच सापडत नाही. किंवा सापडतं ते आजोबा निवृत्त झाल्यानंतर चाळीस वर्षांनी बांधलेलं.
- कागदाप्रमाणे माणूस मेला आहे किंवा पळून गेला आहे, घरच्यांच्या मते तो सुखाने म्हातारा झाला.
- आडनावाच्या जागी भलताच शब्द आहे: सारंग, तांडेल, भंडारी, टोपास.
- जन्मगाव चुकीच्या जिल्ह्यात आहे.
- घरात सांगतात नेव्ही, कागदावर नाव एखाद्या आगबोट कंपनीचं.
- सन 1946, आणि शेरा असा की घरात त्याविषयी कोणी बोलत नाही.

आता तपासण्या. आधी फुकटच्या, घरबसल्या होणाऱ्या. खर्चाच्या आणि पायपिटीच्या नंतर.

आधी फोटो, मग घडी

कागद उघडायच्या आधी आहे तसा फोटो काढा, मागची बाजू धरून. घडीवर फाटत असेल तर जोर लावू नका. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून फोटो काढा. मग तोच कागद संध्याकाळी टॉर्च एका बाजूने आडवा धरून बघा. पेन्सिलीच्या नोंदी आणि पुसलेले शिक्के असे आडव्या उजेडातच वर येतात. अण्णांची 1945 ची बढती मला अशीच दिसली होती.

लॅमिनेशन मात्र करू नका. ‘टिकावं म्हणून’ लॅमिनेट करून आणलेले कागद मी पाहिले आहेत. आतली शाई तपकिरी होत जाते आणि तो कागद पुन्हा कधी सोडवता येत नाही.

कागद नौदलाचा आहे का?

कोकणात ‘बोटीवर होते’ म्हटलं की त्यात सगळं येतं: लढाऊ जहाज, पी अँड ओ किंवा बी.आय. या इंग्रजी कंपन्यांची आगबोट, किनाऱ्यावरची प्रवासी बोट. घरात पुढच्या पिढीने त्याचं सरसकट ‘नेव्ही’ केलं. नोंदी मात्र पूर्णपणे वेगळ्या ठिकाणी असतात, म्हणून ही तपासणी सगळ्यात आधी. इथे चुकलात तर पुढची सगळी शोधाशोध चुकीच्या दारात होते.

छोटं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक असेल, आत प्रत्येक सफरीला एक ओळ असेल, जहाजाच्या नावाशेजारी एक लांबलचक आकडा असेल आणि शेवटी कामाबद्दल व वागणुकीबद्दल शिक्के असतील, तर ती व्यापारी जहाजावरच्या खलाशाची ‘नल्ली’ आहे. नौदलाशी तिचा संबंध नाही. गोव्याकडच्या तारवट्यांच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या घरी बहुतेक वेळा हेच निघतं. गोव्याचे लोक प्रामुख्याने सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या सरबराईला असत. रत्नागिरीकडचे बरेचसे डेकवर.

नौदलाचा कागद वेगळा दिसतो. एका माणसाची संपूर्ण नोकरी एका मोठ्या कागदावर असते: जहाज, हुद्दा, कधीपासून, कधीपर्यंत, का सोडलं. वर त्याचा नंबर. हा नंबर आधी वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. नावाची स्पेलिंगं चार प्रकारे होतात, नंबर एकच राहतो.

मग कागदाच्या माथ्यावरचं खात्याचं नाव बघा. ते काळानुसार बदलत गेलं आहे. 1830 ते 1863 इंडियन नेव्ही, त्याच्या आधी आणि नंतर बॉम्बे मरीन, 1877 पासून हर मॅजेस्टीज इंडियन मरीन, 1892 पासून रॉयल इंडियन मरीन, 1934 च्या ऑक्टोबरपासून रॉयल इंडियन नेव्ही आणि 26 जानेवारी 1950 पासून आजची भारतीय नौसेना. कोणी म्हणालं की पणजोबा 1916 ला रॉयल इंडियन नेव्हीत होते, तर एकतर साल चुकलंय नाहीतर खातं. उलट बाजूने, 1949 च्या कागदावर ‘रॉयल’ दिसलं म्हणून आजोबा इंग्रजांकडे राहिले असं समजू नका. स्वातंत्र्यानंतर अडीच वर्षं आपल्या नौदलाचं नाव तेच होतं.

आणि कागद मोडीत असेल, त्यात आंग्र्यांचा किंवा पेशव्यांच्या आरमाराचा उल्लेख असेल, तर ही पूर्ण पोस्टच तुमच्या कामाची नाही. तिथे एकेका माणसाची सेवापुस्तिका नसते. सनदा, इनामं, पगाराच्या याद्या असतात. मोडी वाचणारा गाठा.

डी, डीडी, आर: आधी रकाना, मग अक्षर

रॉयल इंडियन नेव्हीचे बरेचसे नमुने ब्रिटिश रॉयल नेव्हीच्या धर्तीवरचे, त्यामुळे संक्षेपही तिकडचेच. त्यातही गंमत अशी की एकच अक्षर दोन रकान्यांत दोन अर्थांनी येतं.

जहाज सोडल्याच्या रकान्यात ‘डी’ म्हणजे डिस्चार्ज्ड. या जहाजावरून मोकळा केला, दुसरीकडे पाठवला. एवढंच. त्याखालच्या ओळीत दुसऱ्या जहाजाचं नाव असतं. माणूस मेला असेल तर तिथे ‘डीडी’ असतं, डिस्चार्ज्ड डेड. एका अक्षराचा फरक, आणि त्यावर अख्ख्या घराण्याच्या तारखा फिरतात. त्याच रकान्यात ‘आर’ किंवा ‘रन’ असेल तर माणूस पळून गेला.

आता याच कागदावर दुसरीकडे चांगल्या वागणुकीच्या पट्ट्यांचा रकाना असतो. दंडावर ज्या पट्ट्या लावतात त्या. रॉयल नेव्हीत तीन, आठ आणि तेरा वर्षांनी एकेक मिळे. या रकान्यात ‘जी’ म्हणजे पट्टी दिली, ‘डी’ म्हणजे काढून घेतली, ‘आर’ म्हणजे परत दिली. म्हणजे इथला ‘आर’ चांगला आणि तिथला वाईट. चिपळूणच्या बाजूच्या एका घरात ‘आजोबा पळून आले होते’ ही गोष्ट दोन पिढ्या कुजबुजत सांगितली जात होती. कागद बघितला तर ‘आर’ पट्टीच्या रकान्यात. पट्टी गेली होती, सहा महिन्यांनी परत मिळाली होती. त्यांचा मुलगा, स्वतः सत्तरीचा, बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “आई गेली हे ऐकायच्या आधी.”

वागणुकीच्या शेऱ्यात ‘व्हीजी’ दिसलं की लोक खूश होतात. व्हेरी गुड. पण हा शेरा सर्वसाधारण माणसाला मिळायचाच. ‘फेअर’ म्हणजे बरा असंही समजू नका. व्हेरी गुड, गुड, फेअर, इंडिफरंट, बॅड अशी उतरंड आहे, त्यात फेअर म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. कौशल्याच्या रकान्यातलं ‘सॅट’ मात्र समाधानकारक, त्याची चिंता नको. भरतीच्या प्रकारापुढे ‘एचओ’ असेल तर ‘फक्त युद्धकाळापुरती भरती’. 1939 ला दोन हजारांच्या आत माणसं असलेलं हे नौदल युद्ध संपताना पंचवीस हजारांच्या पुढे गेलं होतं. तेव्हा एचओ खूप सापडतात. 1946 ला असा माणूस घरी आला तर ती बडतर्फी नव्हे, करार संपला.

जहाजाच्या नावाशेजारी ‘लिस्ट’ आणि एक आकडा असतो. तो पगारपत्रकाच्या यादीचा क्रमांक. त्याला घर नंबर किंवा कैदी नंबर समजणारे भेटले आहेत, म्हणून सांगतोय.

तारखा दिवस-महिना-वर्ष अशा आहेत. 3/4/44 म्हणजे 3 एप्रिल. अमेरिकन वंशावळीच्या साइटवर भरताना ते गुपचूप 4 मार्च होतं. महिना नेहमी अक्षरांत लिहा.

जहाज की इमारत

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा बिघाड आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

ब्रिटिश नौदलात एक चाल होती, आपल्याकडे आजही आहे. किनाऱ्यावरचं ठाणं, शाळा, बराक यांनाही जहाजासारखं नाव द्यायचं. कागदावर ते जहाजाच्याच रकान्यात, जहाजासारखंच लिहायचं. एचएमआयएस (त्या काळच्या हिंदी नौदलाच्या जहाजांच्या नावाआधी लागणारी अक्षरं) तलवार म्हणजे मुंबईत कुलाब्याला असलेली सिग्नल शाळा. 18 फेब्रुवारी 1946 ला नाविकांचा उठाव सुरू झाला तो तिथून. तिला नांगर नव्हता, शीड नव्हतं, भिंती होत्या. आता नेटवर ‘तलवार’ शोधलं की 2003 ला नौदलात आलेली, रशियात बांधलेली फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, समोर येते. एका घरात हार घातलेल्या आजोबांच्या फोटोशेजारी तिचाच रंगीत फोटो लावलेला होता. क्षेपणास्त्रांसकट.

नेहमी भेटणारी किनाऱ्यावरची नावं ही: डलहौसी म्हणजे मुंबईच्या कॅसल बराक, जिचं पुढे आयएनएस आंग्रे झालं. बहादुर, हिमालय, चमक ही कराचीला. बहादुर म्हणजे पोरसवदा भरती झालेल्यांची शाळा, हिमालय तोफखान्याची, चमक रडारची. मच्छलीमार वर्सोव्याला, पाणबुडीविरोधी प्रशिक्षणाची. शिवाजी लोणावळ्याला, 1945 पासून, इंजिनवाल्यांसाठी, आणि ती अजून आहे. वलसुरा जामनगरला, वेंदुरुथी कोचीनला, सरकार्स विशाखापट्टणमला, हुगळी कलकत्त्याला.

हे का महत्त्वाचं? कारण या नावांवरून माणसाचा धंदा कळतो. हुद्दा पुसला गेला असेल तरी ‘हिमालय, तीन महिने’ दिसलं की तोफेवरचा, ‘तलवार, सहा महिने’ दिसलं की बिनतारी किंवा सिग्नलवाला, असा अंदाज बांधता येतो. ‘डलहौसी’ मात्र प्रत्येकाच्या कागदावर पाच-पाच वेळा येतं. ती बदलीच्या मधली थांबायची जागा होती. त्यावरून काही निष्कर्ष काढू नका. कराची दिसलं म्हणून आजोबा पाकिस्तानला गेले होते असंही नाही, तेव्हा ते शिकायला जायचं गाव होतं. 1947 ला जहाजं आणि माणसं वाटली गेली ती नंतर.

खऱ्या जहाजांतही एकाच नावाची भुतं आहेत. गोदावरी नावाची एक स्लूप, म्हणजे छोटी युद्धनौका, 1943 ला आली. फाळणीत पाकिस्तानकडे गेली आणि तिकडे तिचं ‘सिंध’ झालं. 1983 ला आपल्याकडे फ्रिगेट आली तिचंही नाव गोदावरी. डफरिनचं तर विचारू नका. पहिल्या महायुद्धात ते रॉयल इंडियन मरीनचं सैन्य नेणारं जहाज होतं, 1927 पासून तेच जहाज मुंबईत व्यापारी नौकानयनाच्या पोरांची शिकायची बोट झालं. म्हणजे ‘डफरिनवर होते’ याचा 1916 चा अर्थ आणि 1936 चा अर्थ यांत जमीन-अस्मानाचा फरक. डलहौसी हेही पहिल्या महायुद्धात खरंच जहाज होतं, बसऱ्याच्या मोहिमेत होतं. इमारत नंतरची.

म्हणून जहाजाचं नाव कधी एकटं शोधू नका. नाव आणि ‘पासून–पर्यंत’ची तारीख, दोन्ही मिळून. घरात एखाद्या लढाईची गोष्ट सांगत असतील तर हीच चाळणी लावा. उदाहरणार्थ ‘बेंगाल’. या छोट्या सुरुंगशोधक जहाजाने 11 नोव्हेंबर 1942 ला ओंडिना या डच टँकरसोबत दोन जपानी जहाजांना तोंड दिलं, त्यातलं एक बुडालं. बेंगालवर असलेल्या प्रत्येकाच्या घरी ही गोष्ट आहे. कागदावर ‘बेंगाल, मार्च 1944 पासून’ असेल तर आजोबांनी ती मेसमध्ये ऐकली होती, पाहिली नव्हती. हे घरच्यांना कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एकदा सांगितलं, चहा आला नाही.

गाव

इथे तीन सापळे. पहिला: रत्नागिरी. 1981 च्या आधी मालवण, वेंगुर्ला, देवगड, कणकवली सगळं रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. ‘रत्नागिरी’ लिहिलंय म्हणून खेड-दापोलीत शोधत बसाल आणि माणूस आजच्या सिंधुदुर्गातला निघेल.

दुसरा: कुलाबा. मराठीत दोन्ही कुलाबाच, आणि इंग्रजीतही जुन्या कागदांवर दोन्ही स्पेलिंगं सरमिसळ. मुंबईचा कुलाबा वेगळा, आणि 1981 ला ज्याचं रायगड झालं तो कुलाबा जिल्हा वेगळा. जन्मस्थळाच्या रकान्यात कुलाबा असेल तर अलिबाग, पेण, महाडचा विचार आधी करा. मुरूड, श्रीवर्धन असेल तर जंजिरा संस्थान, आणि बांदा असेल तर सावंतवाडी संस्थान लिहिलेलं सापडेल.

तिसरा फक्त फार जुन्या कागदांत: गेरिया म्हणजे विजयदुर्ग, सेव्हर्नड्रूग म्हणजे हर्णैचा सुवर्णदुर्ग, फोर्ट व्हिक्टोरिया म्हणजे बाणकोट.

नाव कुठे संपतं, हुद्दा कुठे सुरू होतो

कोकणातला माणूस भरतीला गेला, कारकुनाने नाव विचारलं, त्याने स्वतःचं आणि बापाचं सांगितलं. आडनाव सांगायची गरज दोघांनाही वाटली नाही. त्यामुळे ‘गणू बाळू’ एवढंच नाव असलेले कागद भरपूर. बापाचं नाव आडनावाच्या जागी बसलेलं असतं. वंशावळीत शोधताना तिसरं नाव सोडून पहिल्या दोनांवर जा. मुसलमान घरांतही तेच.

दुसरा घोळ मजेशीर आणि कधी कधी नाजूक. सारंग, तांडेल ही आपल्याकडची आडनावंही आहेत आणि हुद्देही. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, तांडेल त्याच्या हाताखालचा, सुकाणी सुकाणूवरचा, कसाब सामानाच्या कोठीवरचा, आगवाला भट्टीवरचा. आणि भंडारी म्हणजे स्वयंपाकी. एक सद्गृहस्थ ‘भंडारी’ हा शब्द बघून थेट शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींपर्यंत वंशावळ घेऊन गेले होते. त्यांचं आडनाव वेगळं, जात वेगळी. आजोबा उत्तम मासे शिजवत असणार, बस.

ओळखायचं कसं? पुन्हा रकानाच. हुद्द्याच्या रकान्यात आहे का नावाच्या? आणि काही वर्षांनी बदलतो का? ‘खलाशी, तांडेल, सारंग’ असा चढत गेला तर हुद्दा. कायम तोच, नावाला चिकटलेला, तर आडनाव.

‘टोपास’ दिसल्यावर काही घरांत कागद परत घडी घालून आत जातो. विसाव्या शतकातल्या कागदावर त्याचा अर्थ सफाईचं काम करणारा. सतराव्या-अठराव्या शतकातल्या कागदात तोच शब्द पोर्तुगीज वळणाच्या मिश्र वंशाच्या शिपायाला लावलेला सापडतो, तेव्हा काळ बघून अर्थ घ्या. पण 1942 चा टोपास शिपाई करून दाखवू नका. एका ताईंनी मला तसं लिहून द्यायला सांगितलं होतं. मी दिलं नाही. त्याच जहाजावर, त्याच बॉम्बखाली तो माणूसही होता.

जन्मतारीख 1 जून किंवा 1 जानेवारी असेल तर ती कोणीतरी ठरवलेली आहे. वयाचा एक-दोन वर्षांचा फरक सोडून द्या, त्यावरून ‘हा दुसराच माणूस’ असं म्हणू नका.

पदकाची कड

आतापर्यंत एक पैसा लागला नाही. आता एक भिंग लागेल.

दुसऱ्या महायुद्धाची पदकं ब्रिटनमध्ये बिननावाची वाटली, पण भारतात दिलेल्या पदकांवर बहुतेक वेळा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. गोल पदक असेल तर कडेवर, तारा असेल तर मागच्या बाजूला. कागद वाळवीने खाल्ला असला तरी नंबर पदकावर शिल्लक असतो. ब्रासोने चकाकवू नका, तीच अक्षरं झिजतात. कड टॉर्चसमोर फिरवत वाचा.

कुठली पदकं आहेत यावरूनही कळतं. इंडिया सर्व्हिस मेडल असेल तर सप्टेंबर 1939 ते सप्टेंबर 1945 या काळात माणसाने भारतात आघाडीबाहेरची तीन वर्षं नोकरी केली. 1944 ला भरती झालेल्याकडे ते असणार नाही. असलं तर पदक दुसऱ्या कोणाचं तरी आहे, चुलत्याचं, मेहुण्याचं. एका फडताळात राहून पदकं मिसळतात.

याद्या आणि कचेऱ्या

कागदावर ‘डीडी’ आहे किंवा माणूस परत आलाच नाही, तर आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी बघा. ऑनलाइन आहे, फुकट आहे. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशी आश्रमात आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या नाविक आणि व्यापारी खलाशांची नावं तिथल्या आणि चितगावच्या नोंदवहीत आहेत. यादीत पुष्कळदा बापाचं नाव आणि गाव असतं. शोधताना आडनाव टाकू नका, स्पेलिंग बदलत राहा, ‘रत्नागिरी’ टाका.

नल्ली हातात असेल तर जहाजाच्या नावाशेजारचा तो लांब आकडा पकडा. तो जहाजाचा अधिकृत क्रमांक. जहाजाचं नाव बदललं तरी तो बदलत नाही. त्यावरून खलाशांच्या याद्या शोधतात. 1863 ते 1938 च्या बहुतेक याद्या चक्क कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत. पाचने संपणाऱ्या वर्षांच्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात, आणि साधारण दहा टक्के लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. म्हणजे 1925 ची सफर असेल तर आधी ग्रिनिच. इथून पुढे प्रतींचे पैसे लागतात.

नौदलाच्या नाविकांसाठी मानखुर्दच्या चीता कॅम्पातलं ब्युरो ऑफ सेलर्स. नंबर, नाव, भरतीचं साल, तुमचं नातं आणि त्याचा पुरावा असा साधा अर्ज करा. नंबराशिवाय अर्ज म्हणजे समुद्रात खडा. फार मागचं असेल तर काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. तिथे इंग्रजी काळातल्या मरीन खात्याची दप्तरं आहेत, पण तिथे एका माणसासाठी जाऊ नका. जहाज आणि वर्ष घेऊन जा, आठवडाभर बसायची तयारी ठेवा. अधिकाऱ्यांचे कागद प्रामुख्याने लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस संग्रहात.

1946 चा शेरा

‘एसएनएलआर’, म्हणजे ‘सेवेची आता गरज नाही’. फेब्रुवारी 1946 च्या उठावानंतर चारशे शहात्तर जणांना काढलं गेलं. कागदावर हा शेरा आणि तारीख त्या महिन्यांतली असेल तर शक्यता आहे, खात्री नाही. हाच शेरा बेशिस्तीला, नापास होण्यालाही लावत. आणि नुसतं ‘रिलीज्ड 1946’ असेल तर तो युद्ध संपल्यावर घरी पाठवलेल्या हजारोंतला एक. तीन गोष्टी जुळवा: त्या आठवड्यात माणूस कुठल्या जहाजावर किंवा ठाण्यावर होता, शेऱ्याची तारीख, आणि त्याच्या आधीचे वागणुकीचे शेरे. वर्षानुवर्षं व्हीजी आणि मार्च 1946 ला अचानक एसएनएलआर, तर घरात काही तरी बोललं गेलं असेलच. म्हाताऱ्या माणसांना विचारा, कागदाला नको.

इथे थांबा

कागद एकमेकांना चिकटलेला असेल, बुरशी असेल, घडीवर तुकडे होत असतील तर वाफ, इस्त्री, ओला कपडा काही नको. कागद जतन करणाऱ्याकडे न्या. दोन पुठ्ठ्यांत ठेवून, पिशवीत कोंबून नव्हे.

ब्रिटिश लायब्ररी किंवा क्यूमधलं हाताने चाळायचं दप्तर असेल तर विमानाच्या तिकिटापेक्षा तिथला पैसे घेऊन काम करणारा संशोधक परवडतो. त्याला नंबर, जहाज, तारखा द्या आणि किती तासांचं काम ते आधी ठरवा.

आणि प्रश्न पैशाचा किंवा हक्काचा असेल, थकलेलं निवृत्तिवेतन, वारसा, किंवा उठावातला माणूस म्हणून स्वातंत्र्यसैनिकाची मान्यता (नाविकांचा उठाव केंद्राच्या त्या योजनेत धरला आहे), तर माझ्यासारख्या हौशी माणसाचं वाचन तिथे चालत नाही. मूळ कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, गरज पडली तर वकील करा. मूळ कागद कोणाच्याही हातात सोडू नका, मीसुद्धा मागितला तरी. मला फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचा, आडव्या उजेडात काढलेला.